दीड तासाची टेप

९ जानेवारी

ती. वन्सं यांना,

सादर नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचं अक्षर लांबूनच ओळखलं. दवाखान्यातल्या तक्त्यावर लिहावं तसं सरळ, एक काना वाकडा नाही. अकरा महिन्यांनी का होईना, आलं. सकाळी हातात पडलेलं पत्र फोडायला मला संध्याकाळ झाली, हेही खरं सांगून टाकते.

इकडे सगळं ठीक. गुडघा अधूनमधून बोलतो, पण पायाची मशीन सोडवत नाही. शाळेच्या गणवेशांचं काम यंदाही मिळालंय. जिन्याखालची गळती एकदाची थांबली. समोरच्या शिक्षिकाबाई बदली होऊन गेल्या आणि तिथे एक जोडपं राहायला आलंय. दिवसभर भिंतीत खिळे ठोकत असतात. एवढं काय टांगायचंय त्यांना कोण जाणे.

तुम्ही लिहिलंत, "त्या भंगाराचं तुला काय करायचंय? वडिलांचा रेडिओ तेवढा पाठव." पाठवते. मामंजींची वस्तू, तुमचा हक्क आहे. पण ते भंगार नाही हो वन्सं. आधी मीही तसंच म्हणायचे. सतरा रेडिओ, स्पूलचे तीन टेपरेकॉर्डर, दाराचा टीव्ही, एकालाही तार नसलेले पाच काळे फोन, आणि बटण दाबलं की गिरणीसारखं घरघरणारं ते हिशेबाचं यंत्र. एखाद्याच्या घरी मांजरं गोळा होतात तशी ही यंत्रं आमच्याकडे गोळा झाली. मी त्यांना सवती म्हणायचे. हे हसायचे आणि म्हणायचे, "सवती असल्या तरी गरीब आहेत बिचाऱ्या. कान पिळल्याशिवाय बोलत नाहीत."

आता त्या सवतींचं मीच करते. ह्यांनी एक वही करून ठेवली होती, कोणत्या सेटला काय लागतं त्याची. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला पंधरा मिनिटं वीज द्यायची, नाहीतर आत ओल धरते. धूळ रंगाच्या मऊ ब्रशनं काढायची, फडक्यानं नाही. जळका वास आला तर विचार न करता बटण बंद. सोमवारी खिडकीकडची रांग, मंगळवारी फळीवरची. आधी जीव घाबरायचा. आता काचेच्या व्हॉल्वमध्ये तो केशरी ठिपका पेटला की बरं वाटतं. घरात कुणीतरी जागं झाल्यासारखं.

मामंजींच्या रेडिओचं मात्र एक नवल सांगते. त्याला तो हिरवा डोळा आहे ना, स्टेशन नीट लागलं की मिटत जाणारा? गेले दोन महिने दुपारी लावला की काटा कुठेही असो, डोळा हळूहळू मिटतो. म्हणजे काहीतरी जोरात लागलेलं असतं. पण आवाज येत नाही, नुसती खरखर. एरिअलची तार काढून पाहिली, तरी तेच.

दुसरं म्हणजे, दुपारी मी पुढच्या खोलीत शिवत असते तेव्हा मागे ह्यांच्या यंत्रांच्या खोलीत कुणीतरी बोलतंय असं वाटतं. शब्द कळत नाहीत, बोलण्याचा चढउतार तेवढा कळतो. मशीन थांबवली की बोलणंही थांबतं. पुन्हा पाय मारला की पुन्हा सुरू. खिळेवाल्यांचा टीव्ही असेल म्हणून विचारायला गेले, तर त्यांच्याकडे टीव्ही नाही.

असो. वय झालं की कान वाजतात म्हणतात.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं. हे झोपेत गेले. आरामखुर्चीत. काही बोलले नाहीत, त्रास झाला नाही. तेच तेच पुन्हा काय लिहायचं.

तब्येतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. रेडिओ खोक्यात भरायला कथीलराव येणार आहेत. ह्यांचे दोस्त, ते मिस्त्री. दिसेल त्याला कथलाचा डाग देत सुटतात म्हणून ह्यांनीच ते नाव ठेवलं होतं. खिडकीखालच्या टेपरेकॉर्डरकडेही बघून घेतो म्हणालेत. त्याला मी अजून हात लावलेला नाही. टेप चढवलेली आहे तशीच आहे.


२७ जानेवारी

ती. वन्सं यांना,

नमस्कार.

रेडिओ पाठवला नाही. का, ते लिहायला बसले आहे. हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. हेही फाडायच्या आत टाकून यावं म्हणून चपला घालूनच बसले आहे.

हे गेले त्या आठवड्यात तुम्ही मला विचारलं होतंत, "झोपेत गेला तर कोपर कशानं खरचटलं?" मी म्हटलं, दाराला लागलं असेल. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. जन्मभर वॉर्डात काढलेल्या बाईला मी फसवायला निघाले होते. नंतर तुम्ही म्हणालात, "तुझ्या घरात माणूस गेला आणि तुला पत्ता नाही?" मी रागानं ताडकन उत्तर दिलं आणि तुम्ही पिशवी उचलून निघालात. तो राग नव्हता वन्सं. चोराच्या उलट्या बोंबा होत्या.

आता सांगते.

त्या दिवशी जेवून हे दीडच्या सुमाराला त्यांच्या खोलीत गेले. तो आठवडाभर ते टेपवर बोलत होते. "तू वही वाचणार नाहीस," म्हणाले, "म्हणून बोलून ठेवतो. माझ्या मागे कानानं तरी ऐकशील." मी म्हटलं, "मला काय करायचंय ऐकून? तुम्ही आहात ना." तेव्हा तोंड वर करून बोलले होते मी.

माझ्याकडे चाळीस गणवेश होते, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे. कॉलर लावत होते. मागून ह्यांचा आवाज येत होता, एकसुरी, शाळामास्तरासारखा. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. त्यातला एक दिवस असा नव्हता, की त्या खोलीतून कुणी बोलत नव्हतं. बातम्या, भाषणं, नाटकं, कुठल्या कुठल्या देशांच्या न कळणाऱ्या भाषा. माणसाला डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत म्हणतात. मला यायचे. मी शिकले होते.

आणि ह्यांची ती सवय तुम्हाला ठाऊक आहे. कुठलं लांबचं स्टेशन लागलं की हाक, "अगं, ऐकलंस का?" पहिली काही वर्षं मी हातातलं टाकून धावायचे. मग बसल्या जागेवरून "ऐकलं हो" म्हणायला लागले. त्यांनाही ते पुरायचं.

त्या दिवशी तशीच हाक आली. मी म्हटलं, "ऐकलं हो."

पुन्हा आली. मी काही बोलले नाही.

पुन्हा आली तेव्हा मला राग आला. इकडे कामाचा डोंगर आणि ह्यांना स्टेशनं सुचतायत. मी मशीन जोरात चालवली. मुद्दाम चालवली, वन्सं. खडखडाटात हाक बुडावी म्हणून. बुडाली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग फट फट फट असा आवाज येऊ लागला. टेप संपून रिकामं चाक फिरत राहिलं की टेपचं शेपूट असं आपटतं. एवढा वेळ आपटू देणारा माणूस नव्हता तो. टेपला ओरखडा गेला तर स्वतःला गेल्यासारखं करायचे. म्हणून मी उठले.

स्टूल आणि बाकाच्या मधे पडले होते. कोपर बाकाच्या कडेला लागलं होतं. हात गार नव्हता अजून.

मी आधी यंत्राचं बटण बंद केलं. मग पुढच्या खोलीतली आरामखुर्ची ओढत नेली आणि ह्यांना तिच्यात बसवलं. कुठून बळ आलं ते विचारू नका. केस सारखे केले. मग डॉक्टरांना बोलावलं. मेंदूतला रक्तस्राव, म्हणाले. मी म्हटलं, झोपले होते. कुणी संशय घेतला नाही. तुम्ही सोडून.

इथे थांबले असते तर बरं होतं. पण पुढचं सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

कथीलराव आले. मामंजींचा रेडिओ मागून उघडून पाहिला, सगळं ठणठणीत म्हणाले. मग टेपरेकॉर्डरकडे वळले. पट्टा सैल झाला होता तो बदलला, टेप मागे घेतली आणि लावून दिली. मी चहा ठेवायला आत होते. ह्यांचा आवाज आला आणि माझ्या हातून गाळणी पडली. थोड्या वेळानं कथीलराव स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा राखेसारखा झाला होता. "वहिनी, टेप भरलेली आहे. तुम्ही एकट्यानं ऐका." चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडक्या सगळ्या उघडून, मी ऐकली.

सुरुवातीला हे मजेत आहेत. "हा वडिलांचा. याला आधी दोन मिनिटं तापू द्यायचं. घाई केली तर रुसतो, ताईसारखा." मग एकेका सेटचं कूळ आणि मूळ. मागे लांबवर माझी मशीन ऐकू येते. पाऊण तास हेच. मग एका वाक्याच्या मधेच थांबतात. "हात... उचलत नाहीये हा." स्टूल सरकतं. काहीतरी पडतं.

मग हाक. "अगं, ऐकलंस का?"

आणि लांबून माझं "ऐकलं हो". इतकं स्वच्छ येतं ते. त्याच्यात कंटाळा आहे, तोसुद्धा आलाय.

मी मोजल्या. अकरा हाका आहेत. शेवटच्या शेवटच्या जड जिभेच्या. चौथीपासून मशीनचा खडखडाट वाढलेला कळतो.

अकरावीनंतर अगदी माइकजवळून एक बाई म्हणते, "आले."

तो माझा आवाज आहे, वन्सं.

मी तिथे नव्हते. तुमच्या भावाची शपथ घेऊन सांगते, मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. पुढचं जसं आहे तसं उतरवून देते.

"आलीस?"

"आले. उशीर झाला."

"पाणी दे."

पेला ठेवल्याचा आवाज. "सावकाश. मी मान धरते."

मग बराच वेळ नुसता ह्यांचा श्वास. मग विचारतात, "ताईला कळवलंस?"

"कळवलं. येऊन गेल्या. मामंजींचा रेडिओ घेऊन गेल्या."

"बरं झालं. तापू द्यायचा म्हणावं."

"सांगितलंय."

हे वाचून तुम्ही पत्र खाली ठेवाल. मीही टेप थांबवली होती. वन्सं, रेडिओ तुम्ही आत्ता जानेवारीत मागितलात. टेप अकरा महिन्यांपूर्वीची आहे. आणि त्या आठवड्यानंतर तुम्ही इथे आलेल्याच नाहीत.

कथीलरावांना पुन्हा बोलावून विचारलं. ते म्हणाले, पुसणारं हेड दमलं की आधीचं रेकॉर्डिंग खाली राहून जातं, दोन वेळा एकमेकांत मिसळतात. मग स्वतःच खोका हातात घेऊन म्हणाले, "पण ही कोरी होती. मीच आणून दिलेली."

अजून एक आहे. अगदी शेवटाकडे. हे विचारतात, "तू इथेच आहेस ना?"

"इथेच आहे. तुमचा हात माझ्या हातात आहे."

"मग बाहेर मशीन कोण चालवतंय?"

थोडा वेळ फक्त मशीन ऐकू येते, लांबवर, जोरात. मग माझा आवाज अगदी हळू म्हणतो, "चालू दे. तिला काम आहे."

त्यानंतर शब्द नाहीत. श्वास आहे, मग तोही नाही. टेप संपते.

वन्सं, तुम्ही या. मला वेड लागलंय की नाही ते तुम्हीच सांगू शकाल, तुम्ही दोन्ही प्रकारची माणसं पाहिली आहेत. आणि मला शिक्षा द्यायची असेल तर तीही तुम्हीच द्या. त्या टेपमधली बाई म्हणते तुम्ही येऊन गेलात. म्हणून मी बोलवायचं धाडस करते आहे, एरवी माझं तोंड नव्हतं.

तुमची अपराधी
भावजय


१९ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार.

"वन्सं पुरे आता, ताई म्हण," असं तुम्ही रिक्षात बसताना म्हणालात. लिहिताना हात अडखळला, पण लिहिलं.

नीट पोचल्याचं कळलं. रेडिओलाही प्रवास बाधला नाही हे वाचून बरं वाटलं. तुम्ही आधी म्हणाला होतात, राहू दे, नको आता. मग जिन्यापर्यंत जाऊन परत आलात आणि काही न बोलता उचललात. आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं तेवढंच.

तुम्ही टेप ऐकत होतात ते मी दारातून पाहत होते. हातात घड्याळ धरून बसला होतात, नाडी मोजावी तशा. "ताईसारखा" आलं तेव्हा फक्त चष्मा काढलात. दोनदा ऐकलीत. मग मी विचारलं, "पहिल्या हाकेला उठले असते तर?"

मला वाटलं होतं तुम्ही समजूत घालाल. तुम्ही म्हणालात, "वाचला असता कदाचित. जीभ बराच वेळ चालत होती त्याची. खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही, पण मी तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही."

ताई, त्याबद्दल तुमचे उपकार मानते. समजूत घातली असतीत तर मी ती घेऊन कुठे गेले असते?

आणि आवाजाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मला रोज आठवायचं. "आवाज तुझाच आहे. पण तुझा तेव्हाचा नाही. या बाईला खोकला आहे, छातीत बसलेला. तो तू या हिवाळ्यात धरलायस." मी म्हटलं, म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, "मला काय माहीत? मी जे ऐकलं ते सांगितलं."

आता परवाचं. तुम्हाला सोडून कुणालाच सांगण्यासारखं नाही.

वर्ष झालं त्या दिवशी काही घडलं नाही. मी सकाळपासून वाट पाहत होते. खोलीत जाऊन बसले, बाहेर येऊन शिवलं, पुन्हा आत गेले. काही नाही. वेड्यासारखं वाटलं. मग तो विषय मी मनातून काढून टाकला.

परवा सोमवार. सोमवारची रांग लावून, पुसून झाली होती. दुपारी कॉलर लावायला बसले. समोरचे खिळे ठोकत होते, रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, अगदी साधी दुपार. मागून बोलणं येऊ लागलं. नेहमीसारखं, शब्द न कळणारं. मी पाय मारत राहिले.

मग स्पष्ट आलं, "अगं, ऐकलंस का?"

माझा पाय जागच्या जागी थांबला. आवाज थांबला नाही. पुन्हा आली हाक. जड जिभेची. ती कितवी आहे ते मी ओळखलं, ताई. अकरावी होती.

मी उठले. पेल्यात पाणी घेतलं. का घेतलं ते माहीत नाही, पण घेतलं. खोलीच्या दाराशी गेले आणि म्हटलं, "आले."

त्याच क्षणी माझ्या पाठीमागे मशीन चालू झाली.

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी पुन्हा बाहेरच राहिले असते, असं मला वाटलं. आत खोलीत कुणी नव्हतं. ऊन होतं, बाक होता, स्टूल होतं. टेपरेकॉर्डरवर चाकंसुद्धा नव्हती, टेप तुम्ही कपाटात ठेवून गेला होतात. पण स्टूल आणि बाकाच्या मधून, जमिनीलगतून, आवाज आला, "आलीस?"

मी तिथे खाली बसले. गुडघा कळवळला. पेला ठेवला. मला तेच शब्द म्हणायचे होते असं नाही. मी चौतीस वर्षांचं काहीबाही बोलणार होते, माफी मागणार होते. पण तोंडातून निघालं ते तेवढंच. "आले. उशीर झाला."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आलात, रेडिओ नेलात, हे मी त्यांना सांगितलं. मला खोकला आला मधेच. माझ्या तळहातात काही दिसत नव्हतं, पण वजन होतं. हाताला हात कळतो, ताई. बोटाच्या पेरावर त्यांना डाग देताना पोळल्याचा जुना चट्टा होता, तो लागला.

बाहेर मशीन चालली होती. मला माहीत होतं तिथे कोण बसलंय. कोणत्या कॉलरवर आहे तेसुद्धा माहीत होतं. एकदा इतकी चीड आली की उठावं, बाहेर जावं आणि तिच्या हातातलं कापड ओढून फेकावं. ऊठ म्हणावं, आत्ता ऊठ, अजून वेळ आहे. कदाचित होताच वेळ. पण हात सोडून गेले असते तर हे तेवढा वेळ एकटे पडले असते. आणि त्या बाईनं मला ऐकलं असतं की नाही? तिनं कान मिटले होते.

तेवढ्यात ह्यांनी विचारलं, मशीन कोण चालवतंय. मला उत्तर शोधावं लागलं. टेप मी किती वेळा ऐकली होती, तरी त्या क्षणी ते उत्तर मला आठवत नव्हतं. बाहेरचा तो पाय मी ऐकत राहिले. सकाळी पाचपासून बसली होती ती त्या दिवशी. कंबर मोडली होती तिची. आणि पुढचं अख्खं वर्ष तिच्या वाट्याला काय येणार होतं ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. मग माझ्या तोंडून ते निघालं.

हे "बरं" म्हणाले. टेपवर ते आलेलं नाही, फार हळू होतं. मग म्हणाले, "बाही खाली कर, गार लागतंय." मी केली. बटण लावलं. एवढंच. शेवटी काय बोलला, असं तुम्ही विचारत होतात, हे बोलले. मोठं काही नाही.

हातातलं वजन गेलं तरी मी बसून राहिले. बाहेर मशीन थांबली. खुर्ची सरकली. मग पावलं, माझीच, चपलेचा एक पाय घासणारी. दारापर्यंत आली. मी मान वर केली नाही. कुणाला बघणार होते मी? ती काय बघणार आहे ते मला ठाऊक होतं. मी नुसतं म्हटलं, "ये. आत ये." आणि भिंतीकडे सरकून तिला जागा करून दिली.

कुणी आलं नाही. उन्हाचा पट्टा बाकावरून खाली उतरला होता. समोर अजून खिळे ठोकत होते.

ताई, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. जेवते आहे, झोप लागते, ताप नाही. खोकल्याचं औषध चालू आहे. वेड लागल्याची म्हणून तुम्ही सांगितलीत ती दोन्ही लक्षणं नाहीत.

काल कथीलरावांना बोलावून शिवणाची मशीन ह्यांच्या खोलीत हलवून घेतली, खिडकीजवळ. "तिकडे उजेड कमी आहे वहिनी," म्हणाले. मी म्हटलं, दिवा लावेन. अडगळ होतेय थोडी, रेडिओंना दाटीवाटीनं बसावं लागतंय, पण त्यांची काही तक्रार नाही. आज दिवसभर तिथेच शिवत होते. खोली गप्प होती. इतकी गप्प मी ती कधी पाहिली नव्हती. सवय व्हायला वेळ लागेल.

उन्हाळ्यात या. महिनाभर राहायच्या बोलीनं या. बिछाना पुढच्या खोलीत घालीन, तिथे आता ऐसपैस जागा झाली आहे. आणि काही लागलं तर नुसती हाक मारा. दुसऱ्यांदा मारावी लागणार नाही.

तुमची धाकटी